ग्लोबलगॅप परवडतं का? दोन-तीन एकरांच्या द्राक्षबागेचा हिशोब कसा मांडायचा

ग्लोबलगॅप म्हणजे शेतीतली स्वच्छता, औषधं आणि नोंदी यांची ठरावीक मानकं पाळल्याचं प्रमाणपत्र. त्या कागदाला स्वतःचा असा भाव नाही, हे आधी पक्कं समजून घ्यावं. युरोपातल्या सुपरमार्केटच्या दारातून माल आत जायला तो लागतो. भाव मिळतो तो मण्याच्या साइजला, गोडीला, रंगाला आणि रेसिड्यू रिपोर्टला, म्हणजे फळात औषधाचा अंश किती उरला याच्या तपासणीला. म्हणून "प्रमाणपत्र काढा, किलोमागे इतके रुपये जादा मिळतील" असं कोणी सांगू लागलं, की तीन गोष्टी विचाराव्यात: जादा म्हणजे कशापेक्षा, किती मालावर, आणि उरलेल्या मालाचं काय?

वीस-पंचवीस एकरवाल्याची ही उत्तरं थोडी चुकली तरी तो तरून जातो, कारण ऑडिटचा खर्च त्याच्या शेकडो क्विंटलांत वाटला जातो. दोन एकरांच्या बागेला मात्र ऑडिटरचा तोच दिवस, तेच कागद आणि तीच औषधांची खोली लागते. मानकं लहान शेतकऱ्याला जड जातात ती इथे. नियम अवघड असतात म्हणून नव्हे, तर खर्च एकरावर ठरत नाही, बागेमागे ठरतो म्हणून.

माल कुठे जाणार ते आधी

बागलाणातली आगाप द्राक्षं आखाती देशांत, रशियात किंवा बांगलादेशात जाणार असतील, तर तिथला व्यापारी बहुतेक वेळा ग्लोबलगॅप विचारत नाही. तो साखर बघतो, रंग बघतो, पेटी बघतो. बांगलादेशच्या मालाचं गणित तर तिथल्या आयात शुल्कावर फिरतं. अशा बागेने प्रमाणपत्रावर पैसे घालण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याने घेतलं म्हणून तर अजिबात नाही.

नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन इथल्या साखळी दुकानांत माल जाणार असेल तर मात्र त्याला पर्याय नाही. यातल्या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवरची प्लॉट नोंदणी, कृषी खात्याची तपासणी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट ही सरकारी व्यवस्था. युरोपियन युनियनला माल पाठवायचा तर ती लागतेच. ग्लोबलगॅप ही खरेदीदार दुकानांची खासगी अट. १९९७ साली ती युरेपगॅप या नावाने सुरू झाली आणि २००७ पासून ग्लोबलगॅप झाली. एक असली म्हणजे दुसरीची गरज नाही, असं नसतं.

शिवाय आता एकट्या ग्लोबलगॅपवर भागतंच असं नाही. मजुरांच्या हक्कांसाठी ग्रास्प, पाण्याच्या वापरासाठी स्प्रिंग, काही दुकानांना स्मेटा ही कामगारांच्या वागणुकीची तपासणी. प्रत्येकाचं शुल्क वेगळं, कागद वेगळे. सगळं एकदम करायला जाऊ नका. निर्यातदाराकडून लेखी घ्या: कोणत्या देशाचा खरेदीदार आहे, त्याला नेमकं काय लागतं, आणि रेसिड्यूची त्याची स्वतःची मर्यादा किती. काही जर्मन साखळ्या युरोपच्या कायद्यातल्या मर्यादेवर समाधान मानत नाहीत. कायद्याच्या काही टक्के एवढाच अंश आणि एका नमुन्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त औषधं नकोत, अशी त्यांची अट असते. ती एप्रिलच्या खरड छाटणीआधी (हंगामातल्या पहिल्या छाटणीआधी) कळली तर फवारणीचं वेळापत्रक तसं आखता येतं. जानेवारीत कळून काही उपयोग नसतो.

किलोमागे हिशोब

खालचे आकडे हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमचे दर टाका.

समजा बाग दोन एकर. लोकलसाठी धरली तर एकरी ११० क्विंटल, म्हणजे २२,००० किलो. जागेवर सरासरी ३० रुपये भाव मिळाला तर ६,६०,००० रुपये. हीच बाग एक्स्पोर्टसाठी करायची तर घड कमी ठेवावे लागतात, विरळणी जास्त करावी लागते. एकरी ९० क्विंटल धरा. एकूण १८,००० किलो. यातला ६० टक्के माल पॅक झाला तर १०,८०० किलो, भाव ६५ रुपये. उरलेला ७,२०० किलो २५ रुपयांनी, कारण निवडून राहिलेल्या मालाला ताज्या लोकल मालाचा भाव कोणी देत नाही. एकूण ८,८२,००० रुपये. इथपर्यंतचा हिशोब सगळे करतात आणि इथेच थांबतात.

आता यातून वजा करायचं.

एकट्याने प्रमाणपत्र घेतलं तर: संस्थेचं शुल्क, ऑडिटरचा प्रवास व नोंदणी मिळून ५०,०००, सल्लागार २०,०००, औषधांची खोली, हात धुण्याची सोय, संडास यावर एकदाच ६०,००० खर्च झाला तर पाच वर्षांत विभागून वर्षाला १२,०००, पाणी, माती, रेसिड्यू तपासणी १५,०००, फवारणीचे पोशाख, मास्क, प्रथमोपचार ६,०००, नोंदी ठेवण्याची मजुरी १२,०००. बेरीज १,१५,०००. पॅक झालेल्या १०,८०० किलोंवर वाटली तर किलोला १० रुपये ६५ पैसे.

गटातून घेतलं तर संस्थेच्या शुल्कातला वाटा ५,००० आणि गटाच्या कार्यालयाचा वाटा ६,००० धरा, सल्लागार नको. बाकी तसंच. बेरीज ५६,०००. किलोला ५ रुपये १९ पैसे.

शिवाय एक्स्पोर्टच्या मालाची जादा विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), महागडी पण लवकर उतरणारी औषधं यांसाठी एकरी ३५,००० धरले तर दोन एकरांचे ७०,०००.

गटातल्या शेतकऱ्याच्या हातात राहिले ७,५६,०००. लोकलपेक्षा ९६,००० जास्त. एकट्याच्या हातात ६,९७,०००, म्हणजे जास्त फक्त ३७,०००. आणि बेमोसमी पावसाने मणी तडकले, पॅकिंग ६० वरून ३० टक्क्यांवर आलं तर? ५,४०० किलो ६५ ने, १२,६०० किलो २५ ने. खर्च वजा जाता गटातल्याकडेही ५,४०,००० उरतात. लोकलला धरलेल्या बागेपेक्षा १,२०,००० कमी. (त्या पावसात लोकलचाही भाव पडतो हे खरं, पण तिथे प्रमाणपत्राचा आणि कमी ठेवलेल्या घडांचा तोटा नसतो.)

म्हणून सगळ्यात आधी काढायचा आकडा म्हणजे किती टक्के माल पॅक झाला की बरोबरी होते. लोकलचं उत्पन्न घ्या, त्यात सगळा जादा खर्च मिळवा, त्यातून सगळा माल उरलेल्या मालाच्या दराने विकला असता तर आलेली रक्कम वजा करा. जे राहील त्याला एक्स्पोर्टचा दर आणि उरलेल्या मालाचा दर यांतल्या फरकाने भागा. वरच्या उदाहरणात गटासाठी: ६,६०,००० अधिक १,२६,००० वजा ४,५०,००० म्हणजे ३,३६,०००, भागिले ४० म्हणजे ८,४०० किलो, साधारण ४७ टक्के. एकट्यासाठी ९,८७५ किलो, ५५ टक्के.

आता मागच्या तीन-चार हंगामांत आपल्या बागेचा किती माल १६-१८ मिलिमीटर साइजचा, गोडी पुरेशी असलेला, डाग नसलेला निघाला ते आठवा. अंदाजाने नको, विक्रीच्या पट्ट्या काढून बघा. टक्केवारी बरोबरीच्या आकड्याला जेमतेम टेकत असेल तर यंदा प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. आधी एक हंगाम बाग सुधारा.

एकट्याने की गटाने

दोन-तीन एकरांसाठी गटच. ग्लोबलगॅपमध्ये वैयक्तिक प्रमाणपत्राला ऑप्शन एक म्हणतात आणि गटाच्या प्रमाणपत्राला ऑप्शन दोन. गटात बाहेरचा ऑडिटर दरवर्षी सगळ्या बागा पाहत नाही. सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा आणि गटाचं कार्यालय पाहतो. ३६ सभासद असतील तर ६ बागा, १०० असतील तर १०. खर्च वाटला जातो तो यामुळे. पण त्याआधी गटाच्या स्वतःच्या निरीक्षकाने प्रत्येक सभासदाची बाग वर्षातून एकदा तपासलेली असावी लागते. हे काम कागदावर उरकलं, की पुढे सगळा गट अडकतो. निवडलेल्या सहा बागांपैकी एकीत गंभीर दोष निघाला आणि तोच दोष सगळीकडे असावा असं ऑडिटरला वाटलं, तर प्रमाणपत्र एकाचं नाही, सगळ्यांचं थांबतं. म्हणून गटात शिरण्याआधी अंतर्गत निरीक्षक कोण आहे, तो बागेत खरोखर फिरतो का, हे बघा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: प्रमाणपत्र कोणाच्या नावावर? गट निर्यातदाराने बांधला असेल आणि शुल्कही त्यानेच भरलं असेल, तर प्रमाणपत्र त्याच्याकडे राहतं. तुमचा माल प्रमाणित असतो तो त्याच्यामार्फत विकेपर्यंतच. तोडणीच्या वेळी त्याने भाव पाडला आणि तुम्ही दुसऱ्याकडे जायचं म्हटलं, तर प्रमाणपत्र सोबत नेता येत नाही. फुकट मिळालेलं प्रमाणपत्र अशा वेळी सगळ्यात महाग पडतं. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या उत्पादक कंपनीचा किंवा सोसायटीचा गट असेल तर ही अडचण बरीच कमी होते. १९९१ साली सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली ती निर्यातीचा भार एकट्यादुकट्या शेतकऱ्यावर पडू नये म्हणूनच, आणि दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स हीसुद्धा शेतकऱ्यांचीच कंपनी आहे. असा गट जवळ असेल तर थोडी जास्त वर्गणी पडली तरी तो बरा.

कामाला केव्हा लागायचं

पहिल्या ऑडिटच्या आधी किमान तीन महिन्यांच्या नोंदी हातात लागतात. तरीही सुरुवात खरड छाटणीलाच करा, कारण खतांचं नियोजन आणि माती-पाणी तपासणी तेव्हाच होते. सबकेनच्या (काडीवर उपकाडी धरण्याच्या) काळात, खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पानांचं देठ परीक्षण करून घ्या. ऑडिटला तो कागद चालतो, पण खरा फायदा खतात दिसतो. लहान बागांतून या मानकांचा हमखास मिळणारा पैसा हाच आहे: मोजून दिलेलं खत आणि गरज नसताना टळलेली फवारणी. ते पैसे माल पॅक झाला नाही तरी वाचतात.

गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या दुसऱ्या छाटणीच्या) आत ग्रेपनेटची नोंदणी किंवा नूतनीकरण, औषधांची खोली आणि मजुरांचं प्रशिक्षण उरका. दिवाळीनंतर प्रमाणन संस्थेकडे तारीख मागा. कोटेशन घेताना नोंदणी शुल्क, ऑडिटरचे दिवस, प्रवास, मुक्काम, जीएसटी सगळं धरून एकच रक्कम लिहून घ्या. नुसता दिवसाचा दर सांगून नंतर बिल दीडपट होतं. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून गॅप प्रमाणपत्रासाठी मदतीची तरतूद आहे. चालू वर्षाचा दर आणि अर्जाची मुदत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात एप्रिल-मेमध्येच विचारा, कारण पूर्वसंमती नसताना केलेला खर्च सहसा धरत नाहीत.

ऑडिटमध्ये मेजर मस्ट (मुख्य) मुद्दे शंभर टक्के आणि मायनर मस्ट (दुय्यम) ९५ टक्के पूर्ण असावे लागतात. पहिल्या वर्षी राहिलेल्या त्रुटी दूर करायला तीन महिने मिळतात, पुढच्या वर्षांपासून २८ दिवस. तोडणी जानेवारीअखेर असेल आणि ऑडिट जानेवारीच्या मध्यात, तर त्रुटी निघाल्यावर माल वेलीवर ठेवून वाट बघावी लागते. तेव्हा तेवढा वेळ मागे धरूनच तारीख घ्या.

औषधांची खोली आणि ब्लोअर

सहा बाय आठ फुटांची खोली पुरते. हवा खेळती, कुलूप, आतल्या फळ्या लोखंडी किंवा प्लास्टिकच्या, कारण लाकूड सांडलेलं औषध पितं. पावडरी वरच्या फळीवर आणि द्रव औषधं खालच्या, म्हणजे बाटली गळाली तरी पावडरीवर पडत नाही. वाळूची बादली, झाडू, सूप, वजनकाटा, मोजपात्र तिथेच. डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाणी दहा मीटरच्या आत. खतं वेगळ्या खोलीत. रिकामे डबे तीनदा विसळून, भोक पाडून, पोत्यात बंद. मजुरांसाठी संडास आणि हात धुण्याची सोय कामाच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत. हे सगळं साध्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतं. सल्लागार सांगतात म्हणून टाइल्स बसवू नका.

बहुतेक बागा अडतात त्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणी यंत्राच्या, मोजणीवर. टाकी खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या गिअरमध्ये एक ओळ फवारा, मग खुणेपर्यंत परत भरायला किती लिटर पाणी लागलं ते मोजा. ओळ ३०० फुटांची आणि दोन ओळींत ९ फूट अंतर असेल तर एका ओळीचं क्षेत्र २,७०० चौरस फूट, म्हणजे एकरात साधारण १६ ओळी. ओळीला २५ लिटर लागलं तर एकरी ४०० लिटर. आता औषधाची मात्रा लिटरला असेल आणि तुम्ही एकरी ४०० ऐवजी ६०० लिटर फवारत असाल, तर एकरी दीडपट औषध जातं. पीएचआय (शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस) पाळूनही रेसिड्यू लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. ही मोजणी नोंदवहीत तारखेसह लिहा. नोंदीत दर वेळी प्लॉट, औषधाचं व्यापारी नाव, त्यातला घटक, मात्रा, पाणी, कारण, फवारणाऱ्याचं नाव आणि पीएचआय यायला हवा.

रेसिड्यूत माल कुठे जातो

ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. इतक्या बारीक मोजणीत शेजारच्या बागेतून आलेला फवाराही सापडतो. शेजारी लोकलसाठी करत असेल तर त्याच्या बाजूच्या दोन ओळी वेगळ्या तोडा आणि लोकलला द्या.

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले आणि ज्यांनी ते वापरलंच नव्हतं त्यांचाही माल त्यात सापडला. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते हेच, शेंड्याची वाढ रोखायला मारलेलं. वेलीतून ते लवकर जात नाही. म्हणून बाग वाट्याने किंवा खंडाने घेतली असेल तर आधीच्या माणसाने काय मारलं ते विचारून, शंका असेल तर नमुना तपासून मगच एक्स्पोर्टचा विचार करा.

दुसरा चोर म्हणजे जैविक टॉनिक. लेबलवर समुद्री शेवाळ किंवा वनस्पती अर्क आणि आत न सांगितलेलं कीटकनाशक, असे प्रकार सापडतात. ग्रेपनेटच्या अनेक्शर पाचमध्ये, म्हणजे शिफारशीतल्या औषधांच्या यादीत, नाव नसलेलं काहीही मण्यात पाणी उतरल्यानंतर मारू नका. दुकानदाराने पक्कं बिल आणि बॅच नंबर दिला नाही तर तो डबा परत करा. रिपोर्ट फेल गेला तर हंगामभराचा हिशोब एका कागदावर पालटतो: पॅक होणारा माल शून्य टक्के आणि सगळा खर्च तुमच्या अंगावर.

टोळीच्या मजुरीचा कागद

विरळणी, डिपिंग, तोडणीला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या टोळ्या येतात आणि मजुरी एकरी उक्ती ठरते. ग्रास्पमध्ये उक्तं चालतं, पण माणसाला दिवसाला किमान वेतनापेक्षा कमी पडलं नाही हे दाखवावं लागतं. उक्त्याची रक्कम भागिले एकूण माणूस-दिवस, एवढा हिशोब मस्टरच्या खाली लिहा. पैसे मुकादमाच्या हातात एकगठ्ठा दिले तर पुढे कोणाला किती मिळाले हे सिद्ध होत नाही. ज्याचे त्याला द्या, सही किंवा अंगठा घ्या. टोळीसोबत मुलं येतात, ती बागेत कामाला लागता कामा नयेत. ऑडिटसाठी तर नाहीच, पण एरवीही नाही. बायकांना संडास, सावली आणि पिण्याचं पाणी मिळालं तर त्याच टोळ्या पुढच्या वर्षी सांगितलेल्या तारखेला येतात. विरळणी चार दिवस लांबली की साइज जाते, तेव्हा हा खर्च परत येतो.

निर्यातदाराशी काय लिहून घ्यायचं

तोंडी भावावर ६५ रुपये धरू नका. कागदावर या गोष्टी हव्यात: भाव पॅक झालेल्या वजनावर की गाडीच्या वजनावर, साइज, गोडी, रंग किती, निवडून राहिलेला माल कोण नेणार आणि कोणत्या दराने, रेसिड्यू तपासणीचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, आणि तिकडे पोहोचल्यावर माल खराब निघाला तर क्लेम कोण सोसणार. कन्साइनमेंटवर, म्हणजे तिकडे विकल्यावर येईल तो भाव, अशा बोलीवर दोन एकरवाल्याने सगळा माल देऊ नये. तितका धोका सोसायला मागे भांडवल लागतं. निम्मा ठरलेल्या भावावर आणि निम्मा तसा, ही मर्यादा बरी. नाशिक जिल्ह्यात माल नेऊन पैसे न देता पळालेल्या व्यापाऱ्यांनी अनेक घरं बुडवली आहेत, आणि ग्लोबलगॅप असलं म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. उचल, धनादेशाची तारीख आणि गाडीची पावती प्रत्येक तोडणीला हातात घ्या.

प्रमाणपत्राची मुदत बारा महिने. एप्रिलमध्ये, पुढच्या वर्षाचं शुल्क भरण्याआधी, या हंगामाच्या पट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या घेऊन बरोबरीचा तोच हिशोब खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा. रेसिड्यू आणि पाऊस यांमुळे किती माल गेला आणि साइज न भरल्यामुळे किती, हे वेगळं लिहा. पहिलं नशिबाचं असू शकतं. दुसरं बागेचं असेल आणि सलग दोन हंगाम पॅकिंग बरोबरीच्या आकड्याखाली राहिलं असेल, तर तो प्लॉट गटातून काढून लोकल किंवा बेदाण्याकडे वळवा आणि उरलेल्या प्लॉटची नोंदणी चालू ठेवा. नोंदणी प्लॉटवार होते, त्यामुळे सगळी बाग एकाच वाटेने न्यायची सक्ती नाही. फक्त दोन्ही प्लॉटचा माल एकाच शेडमध्ये येत असेल तर क्रेट वेगळ्या रंगाचे ठेवा आणि तोडणीच्या नोंदीत प्लॉट नंबर टाका.